पहिले बहात्तर तास

(संस्थेच्या वार्षिक मेळाव्यात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



मेळाव्यात डॉक्टराने बोलावयाचे म्हटले की मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार हे विषय ठरलेलेच असतात. कार्यकारिणीने यंदा विषयाची निवड माझ्यावर सोपविली, आणि मी एच.आय.व्ही.चा विषय सुचविला तेव्हा आपल्यातील एक ज्येष्ठ सभासद मला म्हणाले, "ताई, सभेला बायका-मुले असतात. हा विषय कशाला?" त्यांच्याविषयी मला नितांत आदर आहे. परंतु सभेला बायका-मुले असतात म्हणूनच हा विषय मी घेतला. आपल्या घरांतील कितीतरी मुली व सुना या देशात परिचारिका आहेत, वृद्धाश्रमांत शुश्रूषेचे काम करतात. शिक्षणासाठी आलेली आपली मुले रात्रपाळीला कार्यालये आणि स्वच्छतागृहे साफ करून आपली फी भरतात. मायदेशी आपले कितीतरी आप्त रुग्णालयांत आणि नगरपालिकांत सफाईचे काम करतात. या सर्वांना एक गोष्ट ठाऊक असणे अगत्याचे आहे. एच.आय.व्ही.चा विषाणू शरीरात शिरला असावा अशी शंका आली, तर त्याला तेथे कायमचे घर करू न देणारे औषध उपलब्ध आहे. मात्र ते बहात्तर तासांच्या आत सुरू करावे लागते.

प्रथम माझाच अनुभव सांगते. १९९५ सालच्या पावसाळ्यात मी महाराष्ट्रातील एका सरकारी रुग्णालयात इंटर्न होते. मध्यरात्री एका अत्यवस्थ रुग्णाचे रक्त काढले आणि त्या काळच्या चुकीच्या सवयीप्रमाणे सुईवर पुन्हा टोपण बसवू लागले. सुई टोपणातून निसटली ती माझ्या डाव्या हाताच्या तर्जनीत शिरली. चार दिवसांनी त्या रुग्णाचा अहवाल आला. त्याला एच.आय.व्ही.ची बाधा होती. वरिष्ठांना सांगितले, तर ते म्हणाले, "स्पिरिट लाव आणि कामाला लाग." मला सहा महिने थांबून तपासणी करावयाची होती. घरी त्याच सुमारास माझ्या लग्नाची बोलणी चालली होती. मी आईला सांगितले नाही, बहिणीला सांगितले नाही. सहा महिने दररोज रात्री मी ती तर्जनी दिव्याखाली धरून पाहत असे. सहा महिन्यांनंतरचा अहवाल निर्दोष आला, आणि तो कागद हाती घेऊन मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले.

परंतु त्या काळातील माझ्या मनात घर करून राहिलेली गोष्ट निराळीच आहे. त्या वॉर्डातील कचरा उचलणाऱ्या एक मावशी होत्या. माझ्या चेहऱ्यावरून त्यांनी काय ते ओळखले आणि एके दिवशी म्हणाल्या, "डाक्टर, तुमाला एकदा टोचलं तर तोंड पांढरं पडलं. आमाला तर नेहमीच टोचतंय." त्या उघड्या हातांनी आम्ही फेकलेल्या सुया गोळा करीत होत्या. त्यांची तपासणी कोणी केली नव्हती, आणि त्यांना कधी टोचले याची नोंद कोणत्याही वहीत नव्हती. मी डॉक्टर असून मला कोणी विचारले नाही, मग त्यांना कोण विचारणार?

आता मूळ विषयाकडे वळू. या उपचाराचे इंग्रजी नाव पोस्ट एक्स्पोजर प्रोफिलॅक्सिस असे असून सर्वत्र त्यास संक्षेपाने 'पेप' म्हणतात. संपर्क घडून गेल्यानंतर बाधा होऊ नये म्हणून घेण्याचे हे औषध आहे. ते लस नव्हे, आणि बाधा झालेल्या रुग्णास बरे करणारे औषधही नव्हे.

ते कसे कार्य करते हे समजले की वेळेचे महत्त्व आपोआप समजते. सुईच्या टोकावरून किंवा शरीरसंबंधातून विषाणू आत शिरला म्हणजे त्या क्षणी रोग जडला असे होत नाही. प्रारंभी तो शिरकावाच्या जागेजवळच्या थोड्या पेशींत असतो, आणि तेथून लसिकाग्रंथींपर्यंत पोहोचून सर्वत्र पसरण्यास त्याला साधारणतः दोन ते तीन दिवस लागतात. पेशीत शिरल्यावर तो स्वतःच्या आर.एन.ए.ची डी.एन.ए.मध्ये नक्कल करतो आणि ती नक्कल आपल्या पेशीच्या डी.एन.ए.मध्ये जोडून देतो. ही जोडणी होऊन तो शरीरात पसरला की आजच्या कोणत्याही नित्याच्या उपचाराने त्याला समूळ बाहेर काढता येत नाही. टेनोफोविर, एमट्रिसिटाबिन आणि लॅमिव्हुडिन ही औषधे नक्कल करण्याची क्रिया रोखतात, तर डोल्युटेग्रॅविर हे औषध जोडणीची क्रिया रोखते. चोर अंगणात आहे तोवर दार लावता येते. तो घरात शिरून बसल्यावर दाराला कडी घालण्यात अर्थ उरत नाही.

हा निव्वळ तर्क नाही. १९९५ साली आणि पुन्हा १९९८ साली अमेरिकेत माकडांवर केलेले प्रयोग प्रसिद्ध झाले. एच.आय.व्ही.सारख्याच विषाणूची लागण घडवून चोवीस तासांच्या आत टेनोफोविर सुरू केले आणि अठ्ठावीस दिवस दिले, तेव्हा माकडे बचावली. औषध अठ्ठेचाळीस किंवा बहात्तर तासांनी सुरू केले, अथवा तीन किंवा दहा दिवसांतच थांबविले, तेव्हा संरक्षण कमी पडले. बहात्तर तास आणि अठ्ठावीस दिवस या आकड्यांना असा आधार आहे. माणसांविषयीचा पुरावा म्हणाल, तर ज्यांना बाधित रुग्णाची सुई टोचली होती अशा आरोग्य कर्मचाऱ्यांचा अभ्यास १९९५ सालच्या डिसेंबरात प्रथम आणि १९९७ साली विस्ताराने प्रसिद्ध झाला. झिडोव्हुडिन हे एकच औषध घेतलेल्यांमध्ये बाधेची शक्यता सुमारे ८० टक्क्यांनी कमी आढळली. माझ्या बोटात सुई शिरली त्याच वर्षाच्या अखेरीस ही माहिती जगापुढे आली, आणि औषध तर १९८७ सालापासून अस्तित्वात होते.

डॉक्टराने औषधाची मर्यादाही सांगितली पाहिजे. ती सांगणारी घटना याच शहरातील आहे. १९९० साली सिडनीच्या लाँग बे तुरुंगात एका कैद्याने एका तरुण तुरुंग अधिकाऱ्यास रक्ताने भरलेली सिरिंज भोसकली. त्या अधिकाऱ्यास झिडोव्हुडिन देण्यात आले, तरीही त्यास बाधा झाली. हा वृत्तान्त १९९१ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. १९९७ साली त्या अधिकाऱ्याचे निधन झाले. तेव्हा हाती एकच औषध होते, आणि तो संपर्क साध्या टोचण्याहून कितीतरी गंभीर होता. आज दोन किंवा तीन औषधे एकत्र दिली जातात व ती अधिक प्रभावी आहेत. तरीही शंभर टक्के हमी कोणी देऊ नये. हातमोजे, सुयांसाठी कठीण पेटी आणि निरोध यांची जागा पेप घेऊ शकत नाही.

भीतीचेही मोजमाप असावे. बाधित आणि उपचार न घेणाऱ्या व्यक्तीच्या रक्ताने माखलेली सुई टोचली, तर बाधा होण्याचा धोका हजारात सुमारे तीन इतका आहे. डोळ्यात किंवा तोंडात रक्त उडाले तर तो हजारात एक किंवा त्याहूनही कमी असतो. अखंड त्वचेवर रक्त सांडल्याने, एकत्र जेवल्याने, हात हातात घेतल्याने, डासाच्या चावण्याने बाधा होत नाही. शिवाय जी बाधित व्यक्ती नियमित औषध घेते आणि जिच्या रक्तात विषाणू मोजण्याइतकाही आढळत नाही, तिच्यापासून शरीरसंबंधातून बाधा होत नाही. हे सिद्ध करणाऱ्या अभ्यासांपैकी एक ऑस्ट्रेलियातील संशोधकांनीच केला आणि तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. म्हणूनच प्रत्येक प्रसंगी पेप लागत नाही. ते लागते की नाही हे मात्र डॉक्टरने ठरवावयाचे असते, आणि ते ठरविण्यासाठी वेळेवर डॉक्टरकडे जावे लागते.

प्रत्यक्ष प्रसंग ओढवल्यास काय करावे? सुई टोचली असेल तर ती जागा साबणाने व पाण्याने धुवावी. बोट पिळू नये, जखम चोखू नये, ब्लीच किंवा स्पिरिट ओतू नये. डोळ्यात रक्त उडाले असेल तर डोळा भरपूर स्वच्छ पाण्याने धुवावा. त्यानंतर घरी न जाता सरळ सरकारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात किंवा लैंगिक आरोग्य केंद्रात जावे. काय घडले, किती वाजता घडले हे स्पष्ट सांगावे. पेपची आवश्यकता असल्यास पहिली मात्रा शक्य तितक्या लवकर घ्यावी. दुसऱ्या व्यक्तीच्या तपासणीचा अहवाल येईपर्यंत थांबू नये. औषध नंतर थांबविता येते, गेलेली वेळ मात्र परत येत नाही. बहात्तर तास ही अखेरची मर्यादा आहे, ती सवलत समजू नये.

औषध अठ्ठावीस दिवस न चुकता घ्यावे. थोडी मळमळ, डोकेदुखी किंवा जुलाब होऊ शकतात. बहुतेकांना ते सोसवतात. मूत्रपिंडाचा विकार असल्यास किंवा इतर औषधे चालू असल्यास डॉक्टरांना सांगावे. पोटातील आम्लावरची औषधे, कॅल्शियमच्या व लोहाच्या गोळ्या डोल्युटेग्रॅविरच्या कार्यात अडथळा आणू शकतात, म्हणून त्यांच्या वेळा विचारून घ्याव्यात. गरोदर भगिनींनी गरोदरपणामुळे उपचार टाळू नये. प्रारंभी, साधारण सहा आठवड्यांनी आणि बारा आठवड्यांनी रक्ततपासणी होते. तोवर निरोध वापरावा व रक्तदान करू नये. हे कामावर घडले असेल, तर त्याच दिवशी लेखी नोंद करावी. आणि त्याच भेटीत कावीळ 'ब'च्या लसीबद्दल विचारावे. लस न घेतलेल्यांच्या बाबतीत सुईतून तिचा धोका एच.आय.व्ही.हून कितीतरी पटींनी अधिक असतो.

तरुण मित्रांनो, आता सांगते ते खास आपल्यासाठी आहे. काही वर्षांपूर्वी आपल्याकडचाच एक विद्यार्थी माझ्याकडे आला. ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदलून सांगते. रात्री एका कार्यालयाची स्वच्छता करताना कचऱ्याच्या पिशवीतून सुई त्याच्या मांडीला टोचली होती. तो आला सहाव्या दिवशी. मधल्या पाच रात्री तो झोपला नव्हता. त्याने मालकाला सांगितले नाही, कारण काम जाईल. डॉक्टरला सांगितले नाही, कारण व्हिसा जाईल. खोलीतल्या मित्रांना सांगितले नाही, कारण ताट वेगळे होईल. मी त्याला तपासले आणि सांगितले, की रस्त्यावर वा कचऱ्यात पडलेल्या सुईतला विषाणू बहुधा टिकत नाही, अशा सुईपासून बाधेचा धोका अत्यंत कमी असतो, आणि पहिल्या दिवशी आला असतास तरी बहुतेक पेपची गरज नाही असेच मी म्हटले असते. तीन महिन्यांनंतरचा त्याचा अहवाल निर्दोष आला. परंतु एका तासात जे निवारण झाले असते, त्यापायी त्याचे अख्खे सत्र वाया गेले. उद्या अशाच दुसऱ्या मुलाचा संपर्क खरोखर धोक्याचा असेल आणि तोही सहाव्या दिवशी आला, तर मला त्याला देण्यासारखे काही उरलेले नसेल.

म्हणून स्पष्ट सांगते. पेप मागितल्याने कोणाचा व्हिसा जात नाही. डॉक्टर आपली माहिती इमिग्रेशन खात्याला किंवा आपल्या मालकाला कळवीत बसत नाही. येथे न्यू साउथ वेल्समध्ये सरकारी लैंगिक आरोग्य केंद्रांत मेडिकेअर कार्डाची सक्ती नसते. शरीरसंबंधानंतर शंका आली म्हणून कोणी आला, तर तो कोणाबरोबर होता याचा न्यायनिवाडा करण्यासाठी डॉक्टर बसलेला नसतो. आणि भगिनींनो, बलात्काराच्या प्रसंगी तर पहिल्याच भेटीत पेपविषयी विचारणे हा आपला हक्क आहे. पोलिसांत तक्रार करावयाची की नाही हा निर्णय नंतरही घेता येतो. भारतातही २०१३ सालापासून अशा पीडितेस मोफत व तात्काळ उपचार देणे हे सरकारी आणि खाजगी अशा सर्व रुग्णालयांचे कायदेशीर कर्तव्य आहे.

त्या विद्यार्थ्याची भीती अगदीच निराधार होती असेही मी म्हणणार नाही. याच राज्यात १९८५ साली ईव्ह व्हान ग्राफहोर्स्ट नावाच्या, रक्त दिल्यामुळे बाधा झालेल्या चिमुरड्या मुलीला बालवाडीतून काढण्यात आले. शेवटी त्या कुटुंबाला देश सोडून न्यूझीलंडला जावे लागले. गोव्यात १९८९ साली डॉमिनिक डिसोझा या तरुणाला, रक्तदानानंतरच्या तपासणीत बाधा आढळली म्हणून, पोलिसांनी नेऊन एका जुन्या क्षयरोग रुग्णालयात सुमारे दोन महिने एकटे कोंडून ठेवले. स्पर्शाने न पसरणाऱ्या रोगासाठी माणसाला स्पर्शापासून दूर ठेवणे म्हणजे काय, हे आपल्या समाजाला समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. ज्यांच्या आजोबांना पाणवठ्यावर दूर उभे केले गेले, त्यांनी तरी कोणाचे ताट वेगळे करू नये. आपण आपल्या घरात बाधित माणसाबद्दल कसे बोलतो, ते आपली मुले ऐकत असतात; त्यावरूनच ती ठरवितात की सुई टोचल्यावर आईला सांगावयाचे की गप्प बसावयाचे.

शेवटी पुन्हा त्या मावशींकडे येते. आज भारतात औषधाची अडचण राहिलेली नाही. २००१ साली मुंबईच्या सिप्ला कंपनीने तीन औषधांचा उपचार वर्षाला ३५० डॉलर इतक्या कमी किमतीत देऊ केला आणि जगभरातील दर कोसळले. २००४ सालच्या १ एप्रिलपासून भारत सरकारने मोफत उपचार सुरू केले. आज टेनोफोविर, लॅमिव्हुडिन व डोल्युटेग्रॅविर यांची एकत्रित गोळी तेथे पेपसाठी वापरली जाते. कायदाही झाला आहे. २०१७ साली संमत झालेला आणि १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आलेला एच.आय.व्ही. व एड्स प्रतिबंध व नियंत्रण कायदा आहे. त्याच्या एकोणिसाव्या कलमान्वये आरोग्यसेवा देणाऱ्या प्रत्येक आस्थापनेने, आणि जेथे कामामुळे एच.आय.व्ही.च्या संपर्काचा मोठा धोका आहे अशा इतर प्रत्येक आस्थापनेनेही, तेथे काम करणाऱ्या व असा धोका असलेल्या सर्वांना संरक्षक साधने, प्रशिक्षण आणि पेप पुरविणे बंधनकारक आहे. 'काम करणाऱ्या सर्वांना' हे शब्द नीट ध्यानात घ्यावेत. त्यांत डॉक्टर आहे, तशी कचरा उचलणारी मावशीही आहे. आणि जैववैद्यकीय कचऱ्याविषयीच्या २०१६ सालच्या नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्यांना कावीळ 'ब' व धनुर्वात यांच्या लसी देणे ही रुग्णालयाची जबाबदारी आहे.

कायदा पुस्तकात असतो; तो वॉर्डापर्यंत पोहोचविण्यासाठी कोणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवावा लागतो. म्हणून माझी आपणास एक नम्र विनंती आहे. या आठवड्यात गावाकडे फोन कराल, तेव्हा रुग्णालयात किंवा नगरपालिकेत काम करणाऱ्या आपल्या भावाला, वहिनीला, आत्याला तीन प्रश्न विचारा. सुई टोचली तर कोणाकडे जावयाचे हे तुला ठाऊक आहे का? पेपच्या गोळ्या रात्री कोणाच्या ताब्यात असतात? कावीळ 'ब'ची लस तुला मिळाली आहे का? उत्तर 'नाही' असे आले, तर त्यांना एकोणिसावे कलम सांगा आणि १०९७ हा राष्ट्रीय एड्स हेल्पलाइनचा मोफत क्रमांक लिहून घ्यावयास लावा. आपल्या संस्थेनेही ही माहिती मराठीत एका पानावर छापून येथील विद्यार्थ्यांच्या आणि मायदेशातील सफाई कामगारांच्या हाती द्यावी, अशी मी कार्यकारिणीस सूचना करते. मजकूर लिहून देण्याचे काम माझ्याकडे लागले.

त्या मावशींचे पुढे काय झाले ते मला कळले नाही. इंटर्नशिप संपली, मी पुढे निघून गेले, आणि त्यांचे पूर्ण नावही मी कधी विचारले नाही, ही माझी चूक आहे. १९९५ साली त्यांना सांगण्यासारखे माझ्यापाशी काही नव्हते. आज आहे, आणि ते आपणा सर्वांपाशीही आहे. ते तीन दिवसांच्या आत योग्य माणसाच्या कानी पडावे, एवढीच अपेक्षा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपविते.

जय भीम.